मनगटावरची थरथर

यंदा ऊसतोडणीची टोळी दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आली. ओढ्याकडेच्या मोकळ्या जागेत त्यांनी राहायला पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या उभ्या केल्या, बैल बांधले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला शेजारच्या बबनरावांच्या उसात कोयते चालू झाले. खच्च, खच्च, मग मोळी टाकल्याचा दबका आवाज. मी घरापुढच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन उभी होते. हवेत तोडलेल्या उसाचा ओलसर गोड वास होता आणि पाचटाची धूळ कोवळ्या उन्हात तरंगत होती. हा वास मला आवडतो की त्याची भीती वाटते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग मी चहा तसाच ठेवून आत जाते, आणि आत कशासाठी आले होते ते आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी याच शेतात तोडणी झाली होती. त्या हिवाळ्याचं माझ्या मनात काहीच सरळ बसत नाही. इतर वर्षं कशी घडी घालून ठेवल्यासारखी असतात. हे एकच वर्ष उलगडायला गेलं की गुंता होतो.

आमचा मळा अवसरी बुद्रुकच्या हद्दीत, गावापासून जरा बाजूला आहे. घर उंचावर, शेत खाली ओढ्याच्या अंगाला. मी मंचरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझे यजमान दत्तात्रय शेती बघतात. सगळा मळा त्यांना दत्ताभाऊ म्हणतो, मी आपली जुन्या वळणानं ‘हे’ म्हणते. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. घरात आम्ही दोघंच.

त्या हिवाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते. ताप उतरला, पण उतरताना कान घेऊन गेला. आधी उजवा, मग चार दिवसांत डावाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि कानाची शीर गेली म्हणून सांगितलं. मुलीनं कानाचं मशिन आणून दिलं. ते लावून हे तीन दिवस घरभर फिरले आणि चौथ्या दिवशी काढून कपाटात ठेवलं. म्हणाले, पत्र्यावर गारा पडल्यागत व्हतंय, माणूस बोलतंय का भांडी पडत्यात काय कळंना.

पूर्वी यांची हाक ओढ्यापलीकडं जायची. ऐकू येईनासं झाल्यावर लोक मोठ्यानं बोलायला लागतात असं मी ऐकलं होतं. यांचं उलटं झालं. आपला आवाज किती मोठा निघतोय हे कळेना, म्हणून ते हळूहळू बोलायला लागले, इतकं हळू, की मला जवळ जाऊन कान द्यावा लागे. मला काही सांगायचं असलं की मी पाटीवर लिही. शाळेतून आणलेली एक पाटी ओट्यावर कायमची ठेवून दिली होती. पाटीवर लिहून भांडता येत नाही. तिथं माझे निम्मे शब्द वाया गेले. उरलेले निम्मे लिहायचा कंटाळा यायचा, म्हणून मी लिहीतच नसे. हे मला तेव्हा जाणवलं नाही. मी कामात होते.

काम म्हणजे घर बोलतं करायचं. तारा, सोल्डरिंग म्हणजे झाळणं, बोर्ड यांचा नाद मला लहानपणापासून. माझं माहेर जुन्नरचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शब्बीरचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. शाळा सुटली की मी त्यांच्या काउंटरला नाक लावून उभी राही. झाळण वितळताना येणारा राळेचा धूर मला अगरबत्तीपेक्षा आवडे. चाचांनी मला दहाव्या वर्षी हातात झाळणी दिली आणि सांगितलं, घाई करायची नाही, तार तापू दे, कथील आपोआप पळत येतं. पुढे शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनांच्या निमित्तानं मी नवे बोर्ड शिकले, मोबाईलवर व्हिडिओ बघून थोडं कोडिंग शिकले. आता ते सगळं खऱ्या कामाला येणार होतं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. नवऱ्याचे कान गेलेत आणि मला उत्साह आलाय, याची लाजही वाटत होती. दोन्ही एकदम.

पहिल्यांदा दारावरची बेल दिव्याला जोडली. बेल दाबली की माजघरात आणि ओट्यावर निळा दिवा तीनदा लुकलुके. मग पाण्याची टाकी भरली की हिरवा. मग कुकर. गॅसच्या शेगडीशेजारी आवाज पकडणारं एक सेन्सर बसवलं. तीन शिट्ट्या झाल्या की ओट्यावर लाल दिवा लागायचा. मी शाळेत असताना यांना वरण-भात लावता यावा म्हणून ही सोय. पण त्या सेन्सरला शिटी आणि लसणाचं कुटणं यातला फरक कळेना. बत्ता तीनदा आपटला की लाल दिवा. हे इमानानं उठून गॅस बंद करायचे. दोन दिवस आम्ही कच्ची डाळ खाल्ली. शेजारी येऊन बघायचे आणि म्हणायचे, बाईंच्या घरात भिंती डोळे मारतात. हेही हसायचे. दिवा लागला की एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे उठायचे आणि जाऊन बघायचे, काय झालंय ते.

घरातलं जमलं. राहिलं शेत.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे बिबट्याचा. वर्षभर तो उसात असतोच, त्याचं कुणाला फारसं वाटत नाही. पण तोडणी सुरू झाली की त्याचं घर दिवसागणिक लहान होत जातं आणि तो भरदिवसाही बांधावर दिसायला लागतो. तेव्हा माणसं दोघं-दोघं शेतात जातात, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावतात, कुत्र्यांच्या भुंकण्याकडे कान ठेवतात. हे एकटे जायचे. गाणी लावा म्हणून सांगून उपयोग नव्हता, कारण मोबाईल आधी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवायचे आणि विसरायचे. खाली ओढ्याजवळ रेंजही येत नाही. मुलीनं एक तयार घड्याळ पाठवलं होतं, मेसेज आला की थरथरणारं. रेंज नसल्यानं तेही खाली गेलं की मुकं. आणि कुत्री बेंबीच्या देठापासून भुंकली तरी यांची पाठ तिकडंच. मी शाळेत फळ्यासमोर उभी असताना मला ती पाठ दिसायची.

म्हणून मी पट्टा बनवला. दोन लहानसे रेडिओ बोर्ड मागवले, एक पाठवणारा, एक घेणारा. त्यांना मोबाईलची रेंज लागत नाही. घरापासून ओढ्यापर्यंत सहज पोचत होते. घेणारा बोर्ड मलमाच्या रिकाम्या डबीत बसवला, त्याला जुन्या मोबाईलची थरथरणारी मोटार आणि लहान बॅटरी जोडली आणि दप्तराच्या पट्ट्यावर शिवून टाकला. पाठवणारा गोठ्याच्या मेढीवर, मायक्रोफोनसकट. कुत्री भुंकली की यांच्या मनगटावर थरथर. सोपं.

आठवीला मी ध्वनीचा धडा शिकवते. ध्वनी म्हणजे कंपन, पोरं एका सुरात म्हणतात. त्यामुळे मला वाटलं, कंपन दिलं म्हणजे ध्वनी दिला.

पहिल्या दिवशी हे दोन तासांत सात वेळा घरी आले. ट्रॅक्टर गाणी लावून गेला की थरथर. टिटवी ओरडली की थरथर. पपईवाल्याचा भोंगा, लग्नाची बँडबाजाची गाडी, बबनरावांचं खोकणंसुद्धा. हे चिखलाच्या पायांनी वर यायचे आणि ओट्याच्या खाली उभे राहून हळू आवाजात विचारायचे, काय वाजलं? मी मूठ वळून मोटारसायकल दाखवायची, हात पसरून मोर दाखवायची. कधी कधी मलाच माहीत नसायचं. मी हातानंच सांगायची, थांबा, बघते, आणि अंगणात जाऊन कान देऊन उभी राहायची. शांतता. तोवर ते वाजून गेलेलं असायचं.

मायक्रोफोनच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की कानाची तिखटाई कमी-जास्त होते. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो स्क्रू किती फिरवला असेल! जरा ढिला केला तर कुत्रंही ऐकू येईना, जरा आवळला तर वाऱ्यानं पाचट हललं तरी थरथर. मी वहीत वेळा लिहून ठेवायला लागले. कधी थरथरलं, कशामुळे. त्या वहीमुळे मला पहिल्यांदा कळलं की आमच्या मळ्यात किती आवाज आहेत. पंचवीस वर्षं राहून मी त्यातले पाच-सहाच ऐकत होते. रोज दुपारी तीनच्या सुमाराला एक थरथर व्हायची, ती कशाची ते मात्र मला कधीच सापडलं नाही. मी त्या वेळी गोठ्याशेजारी खुर्ची टाकून बसायची. काहीच वाजायचं नाही, आणि खाली शेतात हे मनगटाकडं बघून माझ्याकडं मान वर करायचे. आजही मला माहीत नाही ते काय होतं.

वैतागून मी जुन्नरला गेले, चाचांकडे. चाचा आता सत्तरी ओलांडलेले, डोळ्याला भिंग लावून टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करतात. त्यांनी डबी उघडली, झाळण बघितलं, मान डोलावली. मी त्यांना सगळी रडकथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कुत्रा का भुंकतो ते मशिनला कसं कळणार, बेटी, ते तर कुत्र्याच्या मालकालाही कळत नाही. माईक काढ. साधं बटन लाव. तू घरी असशील तेव्हा तूच बघ आणि तूच दाब. माणूस दाबेल तर माणसाला समजेल.

मला ते पटलं. निघताना त्यांनी विचारलं, “आणि त्याला तुला काही कळवायचं असलं, तर तो काय दाबणार?”

मी म्हटलं, ते शेतात असतात, त्यांना काय कळवायचंय. चाचांनी भिंग परत डोळ्याला लावलं.

तर मग बटण. ओट्याच्या खांबावर, हाताशी. एकदा दाबलं की जेवायला या. दोनदा दाबलं की तुमचा फोन आलाय, किंवा कुणीतरी भेटायला आलंय. हे यांना फार आवडलं. पट्टा एखाद्या दागिन्यासारखा घालायचे, आंघोळीला काढून ठेवला तरी पुसून ठेवायचे. मी बटण दाबायची, खाली उसाच्या कडेला एक आकृती मनगटाकडं बघायची, हात वर करायची. इतक्या लांबून, इतक्या दिवसांनी आम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतो असं मला वाटलं. काय बोलत होतो? जेवायला या. येतो. पण त्याचंही अप्रूप होतं. घरातले सगळे दिवे त्यांना काहीबाही सांगत होते. मी स्वतः काही सांगत असेन तर ते हे एवढंच.

तशातच एका रविवारी मी घरी होते. दुपार कलली होती, चारचा सुमार असेल. हे खाली कांद्याला पाणी देत होते, लावणीला महिनाच झाला होता. शेजारी बबनरावांच्या उसाची तोडणी संपत आली होती. आमच्या बांधाला लागून दहा-बारा सऱ्यांची एक पट्टीच उभी राहिली होती. मी ओट्यावर पेपर तपासत बसले होते. अचानक कोयते थांबले. आवाज थांबल्याचंही कानाला कळतं हे मला त्या वहीनं शिकवलं होतं, म्हणून मी मान वर केली.

टोळीतल्या बायका धावत ट्रॅक्टरकडे येत होत्या. त्यांच्यातल्या एकीला पाचटात बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती, मांजराएवढी. बबनराव ट्रॉलीवर चढले होते आणि दोन्ही हात हलवत होते. आणि उभ्या उसाच्या पट्टीच्या टोकाला, आमच्या बांधावर, मादी येऊन बसली होती.

मी बिबट्या पूर्वी पाहिला नव्हता असं नाही. पण तो पळताना, शेपूट दिसली न दिसली असा. ही बसली होती. उन्हात तिचा रंग वाळलेल्या पाचटासारखाच होता, आणि मला क्षणभर वाटलं की मला भास होतोय.

सगळे ओरडत होते. दत्ताभाऊ, ओ दत्ताभाऊ! टोळीतली माणसं पत्र्याचे डबे वाजवत होती. यांची पाठ तिकडे. हे वाकून खोऱ्यानं दारं मोडत होते, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात घेत होते. खाली जाऊन त्यांना वेळेत गाठायचं तर त्याच बांधावरून जायला हवं, दुसरी वाट लांबच्या वळशाची होती. कुणीही गेलं नाही, आणि जायलाही नको होतं.

मी बटण दाबलं.

माझ्या मनात एवढंच होतं की ते वर बघतील. घराकडे बघतील, मग मी हातानं खूण करीन, तिथंच थांबा. त्यांनी मनगटाकडं बघितलं. पाटाच्या पाण्यात हात धुतले. खोरं खांद्यावर टाकलं आणि घराकडं निघाले. बांधावरून.

मी परत दाबलं. त्यांनी मान वर केली, पण ऊन माझ्या पाठीमागून त्यांच्या डोळ्यांत जात होतं. डोळ्यांवर हात धरून त्यांनी बघितलं, आणि त्यांना बहुतेक उन्हाशिवाय काही दिसलं नाही. मी पदर काढून हलवला. ते चालत राहिले. मी दाबलं, दाबत राहिले. आणि मला दिसलं की मी जितकं दाबतेय तितका त्यांचा पाय उचलतोय. मी हात काढला. मग वाटलं, आता थांबलं म्हणजे त्यांना काय वाटेल? सगळं ठीक आहे, सावकाश या? मी परत दाबलं. ‘या’ म्हणायला माझ्याकडे बटण होतं. ‘येऊ नका’ला काहीच नव्हतं. जे होतं तेच मी जोरजोरात दाबत होते. मी ओरडतही होते. कुणासाठी ओरडत होते माहीत नाही.

शेवटी तर ते पळायलाच लागले. खोरं खांद्यावरून टाकून दिलं आणि पळाले. पन्नाशी उलटलेला माणूस, चिखलाचे पाय, अरुंद बांध. मादीपासून दहा-बारा पावलांवर आले तेव्हा ती उठली. तिनं कान मागं पाडले. ट्रॉलीवरचे सगळे गप्प झाले. हे तिच्या अंगावरून, म्हणजे इतक्या जवळून, तसेच पुढं निघून आले. ती वळून उसात शिरली.

मला पुढचं नीट आठवत नाही. हे अंगणात आले ते धापा टाकत. माझ्यासमोर उभे राहिले आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, “काय झालं?”

मी रडत होते. पाटी सापडेना. बबनराव आणि दोघं-तिघं लांबच्या वाटेनं धावत आले आणि हातवारे करून त्यांना सगळं सांगितलं, बिबट्या दाखवला, पिल्लं दाखवली, बांध दाखवला. यांनी बांधाकडं एकदा बघितलं. ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले. रिकामा तांब्या त्यांनी परत माझ्यापुढं धरला. मला वाटलं, आत्ता कळलंय, म्हणून.

त्याच संध्याकाळी वनखात्याची माणसं आली. त्यांनी पिल्लं एका क्रेटमध्ये घालून सापडली तिथंच ठेवली, आणि सकाळी क्रेट रिकामा होता. मादी घेऊन गेली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, आणि लगेच वाटलं की ती परत आमच्याच बाजूला गेली असेल तर?

मळ्याला मात्र एक गोष्ट मिळाली. दत्ताभाऊ बिबट्याच्या मिशांना हात लावून गेले, आणि त्यांना पत्ताच नाही. चहाच्या टपरीवर, लग्नात, दशक्रियेला, कुठंही ती निघायची. हे समोर बसलेले असायचे. लोक हातवारे करून त्यांनाच त्यांची गोष्ट सांगायचे आणि हे हसायचे. मी तिथून उठून जायची.

पट्ट्याची बॅटरी मी त्याच आठवड्यात काढून टाकली. यांनी विचारलं तेव्हा पाटीवर लिहिलं, खराब झालाय. त्यांनी ते वाचलं आणि पट्टा पुसून खुंटीला अडकवला. मी पट्टा घेऊन परत जुन्नरला गेले. चाचांना घडलेलं सांगितलं. का सांगितलं? कुणीतरी मला रागवावं असं वाटत होतं बहुतेक. चाचांनी डबी उघडली, प्रत्येक सांधा भिंगातून तपासला, बॅटरी लावून मोटार वाजवून बघितली. म्हणाले, काम चोख आहे, बोर्डाची काही चूक नाही. त्यानं मी आणखीनच गोंधळले. बोर्डाची चूक असती तर मला दुरुस्त करता आली असती.

तेव्हापासून हे शेतात असले की मी बोलवायला स्वतः जाते, लांबच्या वाटेनं. घरातले दिवे आहेत. कुकरच्या दिव्याला अजूनही लसूण कळत नाही. नवं काही मी बनवलं नाही. प्रदर्शनासाठी मुलं कल्पना विचारायला येतात तेव्हा मी म्हणते, आधी सांगा, हे कुणाला काय सांगणार आहे? ती गोंधळून माझ्याकडं बघतात. 

यंदाच्या टोळीत त्या वेळची एक बाई आहे. पिल्लं जिला सापडली होती तीच. परवा दुपारी ती गुरांना वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा द्यायला गोठ्यात आली, यांना ओळखलं आणि बरोबरच्या बायकांना गोष्ट सांगायला लागली. बिबट्या कसा बसला होता, पावणं कसं पळत आलं, याला कशाचाच पत्ता न्हाई. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हेही हसले. त्या गेल्यावर आम्ही ओट्यावर जेवायला बसलो. समोर निम्मा ऊस पडला होता, आणि बांधाला लागून यंदाही एक पट्टी उभी होती. यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाकडं बघत काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी जवळ सरकले.

“मी बघितला व्हता,” ते म्हणाले.

मला आधी कळेना कशाबद्दल चाललंय. मी बांधाकडं बोट केलं. त्यांनी मान डोलावली.

“लांबनंच दिसला. बसला व्हता. मी थांबलो व्हतो जरा.”

ते थांबलेले मला आठवत नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर बघितलं होतं, ते उन्हामुळं असं मी दोन वर्षं धरून चालले होते. मी पाटी ओढली. हात खरकटा होता, खडू ओला झाला. लिहिलं, मग मागं का नाही फिरलात?

त्यांनी वाचलं आणि माझ्याकडं असं बघितलं की विचारायची गरजच काय.

“तू दाबत व्हतीस की. एकदा दाबलं तर जेवाण, दोनदा दाबलं तर फोन. तू तर सोडीतच नव्हतीस. मला वाटलं, तुला करंट बसला. त्या वायरींच्यात हात घालून असतीस सदा. बटनाला चिकटली का काय म्हणलं. मग बिबट्याचं काय घिऊन बसायचं.”

मी पाटी पुसली. लिहिलं, एवढे दिवस सांगितलं का नाही?

“लई रडत व्हतीस तू तवा,” ते म्हणाले. “आन् मग पट्टा खराब झाला म्हणलीस. म्हणलं, नको म्हनती तर नको.”

ते भाकरी खायला लागले. दोन वर्षं मी एक गोष्ट मनात घोळवत होते: मी माझ्या माणसाला नकळत जनावराच्या तोंडाशी नेलं. आता तीच गोष्ट दुसरीच झाली होती. ही जास्त बरी की जास्त वाईट, मला ठरवता येईना. त्यांना माहीत नव्हतं असं असतं तर चूक माझी एकटीची होती, आणि ती मी कशीबशी सांभाळत होते. ते बघून, थांबून, विचार करून माझ्यासाठी आले, याचं मी काय करायचं? आणि मी तर त्यांना ‘येऊ नका’ म्हणत होते. आम्ही दोघंही अगदी उलटं बोललो आणि दोघांनाही एकमेकांचं तेवढं मात्र पोचलं. की नाही पोचलं? शाळेत मी असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला गुण दिले नसते.

जेवण झाल्यावर त्यांनी खोरं घेतलं. कांद्याला पाणी द्यायचं होतं. मी पाय चपलांत घातले आणि मागोमाग निघाले. त्यांनी हातानंच विचारलं, तू कुठं? मी खाली बोट दाखवलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि लांबच्या वाटेकडं वळले.

टोळीचे कोयते चालू होते. कुठंतरी ट्रॅक्टर गाणी लावून येत होता, टिटवी ओरडत होती. यातलं काहीच त्यांना ऐकू येत नव्हतं, माझ्या चपलांचा आवाजही नाही. ते पुढं चालत होते आणि दर दहा-बारा पावलांनी मागं वळून बघत होते. मी येतेय ना ते बघत होते, की माझ्या मागं काही येत नाही ना ते, मला सांगता येणार नाही. ते वळले की मी हात वर करत होते.